लॉर्ड एल्फिन्स्टन : मुंबईला पाणी देणारा गव्हर्नर

प्रभादेवीचे रेल्वे स्थानक जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड या नावाने ओळखले जात होते. हे नाव १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले तेरावे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे. एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाने उभे राहिले, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्यांचे काका. नावातील या साधर्म्यामुळे पुतण्याची कामगिरी बरेचदा काकांच्या नावावर जमा होते. वास्तविक, शहराची एक सेवा दुसरीवर कशी अवलंबून असते, याचा पहिला मोठा धडा मुंबईला मिळाला तो या पुतण्याच्या कारकिर्दीत.

जॉन एल्फिन्स्टन यांचा जन्म २३ जून १८०७ चा. १८१३ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने उमरावपद त्यांच्याकडे बालवयातच आले. १८२६ मध्ये ते सैन्यात दाखल झाले आणि पुढे चौथ्या विल्यम राजाच्या दरबारात रुजू झाले. तिशीच्या उंबरठ्यावर असतानाच, १८३७ मध्ये, त्यांची मद्रासच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. व्हिक्टोरिया त्यांच्याकडे आकृष्ट झाल्याने त्यांना इतक्या दूर धाडण्यात आले, अशी वदंता त्या काळी होती. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले.

१८५३ च्या डिसेंबरात त्यांनी मुंबईची सूत्रे हाती घेतली. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा आठच महिने लोटले होते. शहर झपाट्याने वाढत होते. पाण्यासाठी मात्र त्याची सारी भिस्त विहिरींवर आणि तलावांवर होती. १८५४ मध्ये विहिरी आटल्या आणि पाण्याचा दुष्काळ पडला. गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवण्याचे हुकूम निघाले आणि बाहेरून आणलेले पाणी विहिरींत ओतण्याची वेळ आली. रेल्वे, गोदी आणि गिरण्यांची स्वप्ने पाहणाऱ्या नगराचा पायाच कोरडा असल्याचे त्या उन्हाळ्याने दाखवून दिले.

त्यातून विहार तलावाची योजना मार्गी लागली. अभियंता हेन्री कोनिबेअर यांच्या आराखड्यानुसार साष्टी बेटावर, मिठी नदीच्या उगमापाशी, १८५६ मध्ये धरणाचे काम सुरू झाले. दरम्यान १८५७ चा उठाव झाला. एल्फिन्स्टन यांनी मुंबईतील फौजा उत्तरेकडे रवाना केल्या आणि शहरावरील पकड कठोरपणे कायम राखली. उठावाच्या कटाच्या आरोपावरून त्या ऑक्टोबरात दोन शिपायांना आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात तोफेच्या तोंडी देण्यात आले. या कामगिरीचे बक्षीस म्हणून ब्रिटिश सरकारने त्यांना सन्मान बहाल केले. मुंबईच्या स्मृतीत मात्र त्या तोफेचा आवाजही राहिला.

१८५८ च्या कायद्याने जुने कॉन्झर्वन्सी बोर्ड रद्द होऊन नगराचा कारभार तीन आयुक्तांकडे गेला. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले. दिवसाला सुमारे ३२ दशलक्ष लिटर पुरवठ्याची ही मुंबईची पहिली नळयोजना होय. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एल्फिन्स्टन यांनी खालावलेल्या प्रकृतीने मुंबई सोडली आणि १९ जुलै १८६० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या योजनेचे पुढचे परिणाम त्यांना पाहता आले नाहीत. पाणी घरोघरी पोहोचले, पण वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे त्या वेगाने झाली नाहीत. जितके पाणी आत आले, तितके सांडपाणी सखल भागांत साचू लागले. शिवाय वरळीची खाडी बांध घालून बंद केल्यावर उघडी पडलेली, प्रभादेवी-वरळी आणि परळ यांमधली जमीन भरतीच्या पातळीहूनही खाली होती. पाणीटंचाईचे संकट टळले, पण अस्वच्छतेचे वाढले. मलनिःसारणासाठी वरळीच्या लव्हग्रोव्हची वाट पुढे काढावी लागली. वाढत्या वस्तीला एकटे विहार पुरेना, म्हणून १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानशाचे पाणी आणले गेले.

सेवांची ही साखळी प्रभादेवीने अलीकडेही अनुभवली आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत तुंबलेले पाणी वाहून जावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर बरोबर महिन्याने, २९ सप्टेंबरच्या सकाळी, पाऊस चुकवण्यासाठी थांबलेले प्रवासी आणि लागोपाठच्या गाड्यांतून उतरलेली गर्दी स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर एकमेकांना भिडली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा जुना उड्डाणपूल पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा पश्चिमेकडून परळच्या रुग्णालयांकडे जाणाऱ्यांच्या वाट्याला वळसा आला. गटार, रेल्वे, रस्ता, रुग्णालय ही खाती कागदावर वेगळी असतात. संकट मात्र एका खात्यातून दुसऱ्यात सहज शिरते. म्हणूनच शहराच्या धोक्याचे मोजमाप करताना प्रत्येक खात्याची सज्जता सुटी पाहून भागत नाही. एक कोलमडले तर दुसऱ्याचे काय होईल, हेही तपासावे लागते.

एल्फिन्स्टन यांचे नाव स्थानकाच्या फलकावरून गेले, विहार तलाव मात्र आजही मुंबईची तहान भागवतो. पावसाळ्यात तो भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीत उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच मिठीच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. शहराला पाणी देणारे आणि पुराचे पाणी वाहून नेणारे खोरे एकच आहे, ही गोष्ट दीडशे वर्षांनंतरही मुंबईला हिशेबात धरावी लागते.