सय्यद मुश्ताक अली : 18 वर्षांत अवघ्या 11 कसोटी

पनवेल : एखादा सलामीवीर चार डाव लवकर बाद झाला की आपल्याकडे नाक्यानाक्यावर त्याचा निकाल लागतो. संपला म्हणे तो! असं कानावर आलं की आम्हाला मरहूम सय्यद मुश्ताक अली आठवतात.

17 डिसेंबर 1914 रोजी त्यांचा जन्म मराठी होळकरांच्या इंदूरमध्ये झाला. कर्नल सी. के. नायडूंनी या पोराला लहानपणीच हेरलं. सुरुवातीला ते डावखुरी फिरकी टाकायचे, फलंदाजी मात्र उजव्या हाताने. जानेवारी 1934 मध्ये कलकत्त्यात त्यांनी पहिली कसोटी खेळली.

खरं नाव झालं ते जुलै 1936 मध्ये, मँचेस्टरला. भारत 368 धावांनी मागे होता. तिथे मुश्ताक अली आणि विजय मर्चंट यांनी सलामीला 203 धावा जोडल्या. मुश्ताक यांच्या 112 धावा हे भारताबाहेर भारतीयाने केलेलं पहिलं कसोटी शतक. वेगवान गोलंदाजालाही पुढे सरसावून मारायची त्यांची रीत होती. वय होतं 21.

1936 च्या त्या दौऱ्यानंतरची कसोटी त्यांना मिळाली थेट 1946 मध्ये. मध्ये महायुद्ध आलं. फलंदाजाच्या ऐन बहराची दहा वर्षं कसोटीविना गेली. पण बॅट गप्प नव्हती. मार्च 1945 मध्ये मुंबईत रणजी अंतिम सामन्यात होळकर संघ हरला, तरी मुश्ताक यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, 109 आणि 139. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून त्यांना वगळलं, तेव्हा लोकांनी निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेराव घातला. मुश्ताक यांना परत घ्यावंच लागलं.

1946 च्या इंग्लंड दौऱ्यात 46 आणि 59 अशा खेळ्या झाल्या. डाव जमायचा, शतक व्हायचं नाही. मग कलकत्त्यातच 1948-49 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी 54 आणि 106 धावा काढल्या. हे त्यांचं शेवटचं कसोटी शतक. पुढच्या दोन कसोटींत अर्धशतकही झालं नाही. इंग्लंडविरुद्ध 1951-52 च्या पहिल्या चार कसोटींत त्यांना जागा नव्हती. पाचवी मद्रासला मिळाली. भारताने आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, मुश्ताक यांनी 22 धावा केल्या आणि 37 व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द तिथेच थांबली. त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या संघात ते नव्हते. लीड्सला भारताचे पहिले चार गडी शून्यावर गेले.

11 कसोटी, 612 धावा, सरासरी 32. नुसते आकडे पाहिले तर माणूस साधा वाटतो. किती वर्षं हिरावली गेली, ते आकडे सांगत नाहीत.

मुश्ताक यांनी मैदान सोडलं नाही. फाळणीनंतरही इंदूर सोडलं नाही. होळकर संघाकडून ते खेळत राहिले. प्रथम श्रेणीत त्यांच्या 13 हजारांवर धावा आहेत. सरकारने पद्मश्री दिली. 18 जून 2005 रोजी इंदूरमध्येच त्यांचा इंतकाल झाला. आज देशातली टी-20 स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते.

किटबॅग खांद्यावर टाकून पहाटेच्या लोकलने पनवेलहून मुंबईच्या मैदानांवर जाणारी आपली मुलं आहेत. निवड यादीत नाव नसलं की ती मान खाली घालून घरी येतात. त्यांना आधी जेवायला वाढा, मग मुश्ताक अलींची ही हकिगत सांगा. सब्र म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेटमध्ये उभं राहणं, हे त्यांना त्यातून कळेल.