बायबलमधल्या योसेफला ‘लकी’ म्हणणाऱ्या विल्यम टिंडेलची गोष्ट

‘हॅपी’ म्हणजे आनंदी, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण जुन्या इंग्रजीत ‘हॅपी’ म्हणजे नशीबवान. हा शब्द आला ‘हॅप’वरून, आणि ‘हॅप’ म्हणजे नशीब, योगायोग. ‘हॅपन’, ‘परहॅप्स’, ‘मिसहॅप’ ही त्याचीच भावंडं.

आता प्रश्न असा, की जिथं सगळं देवाच्या इच्छेनं घडतं, त्या ग्रंथात नशिबाचं काय काम? याचं उत्तर विल्यम टिंडेलच्या भाषांतरात सापडतं.

टिंडेलचा जन्म १४९४ च्या आसपास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचा. ऑक्सफर्डला शिकून तो पाद्री झाला. तेव्हा चर्चमधलं बायबल लॅटिनमध्ये होतं आणि परवानगीशिवाय ते इंग्रजीत आणायला बंदी होती. टिंडेलला मात्र ते शेतात नांगर धरणाऱ्या पोरालाही कळेल असं हवं होतं.

१५२३ मध्ये तो लंडनचे बिशप कथबर्ट टन्स्टॉल यांच्याकडे मदत मागायला गेला. त्यांनी दाद दिली नाही. मग पुढच्या वर्षी त्यानं देश सोडला, तो कायमचाच. कोलोनमध्ये छपाई सुरू असताना बातमी फुटली आणि त्याला पळावं लागलं. अखेर १५२६ मध्ये व्होर्म्स इथं ‘नवा करार’ छापून झाला. कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून प्रती इंग्लंडला पोहोचल्या. टन्स्टॉल यांनी त्या जाळायला लावल्या.

टिंडेल थांबला नाही. तो हिब्रू शिकला आणि १५३० मध्ये त्यानं ‘जुन्या करारा’ची पहिली पाच पुस्तकं आणली. त्यात योसेफची गोष्ट आहे. भावांनीच विकलेला हा मुलगा इजिप्तमध्ये गुलाम होतो, पण हात लावेल त्या कामात त्याला यश येतं. टिंडेलनं त्याला चक्क ‘लकी’ म्हटलं, तेही गड्याला म्हणावं तसं ‘फेलो’ जोडून!

पण हे लॉटरी लागल्यासारखं नशीब नव्हतं. देव योसेफच्या सोबत होता, हे त्याच वाक्यात आधी येतं. म्हणजे देवाची साथ, हेच त्याचं नशीब.

१६११ च्या ‘किंग जेम्स बायबल’च्या विद्वानांनी हा ‘लकी’ काढला आणि भरभराट झालेला अशा अर्थाचा भारदस्त शब्द घातला. गंमत म्हणजे त्यांनीच रूथच्या गोष्टीत ‘हॅप’ ठेवला. शेतात पडलेली कणसं वेचायला निघालेली ही गरीब विधवा तिच्या ‘हॅप’नं नेमकी बवाजच्या शेतात पोहोचते. पुढे ती त्याच्याशी लग्न करते आणि त्यांच्याच वंशात दावीद राजा जन्मतो. मूळ हिब्रूतही तिथं योगायोगाचाच शब्द आहे. रूथसाठी तो योगायोग, पण पूर्ण गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला त्यामागे देवाचा हात दिसतो.

टिंडेलच्या वाट्याला मात्र विश्वासघात आला. १५३५ मध्ये हेन्री फिलिप्सनं मैत्रीचं नाटक करून त्याला अँटवर्पमध्ये पकडून दिलं. ब्रुसेल्सजवळच्या विल्वोर्डे किल्ल्यात तो वर्षभराहून जास्त कैदेत होता. १५३६ मध्ये त्याचा गळा आवळून देह जाळण्यात आला. जुन्या कराराचं काम अर्धवटच राहिलं.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये राजाच्या परवानगीनं इंग्रजी बायबल विकलं जाऊ लागलं. त्यातला मोठा भाग टिंडेलचा होता. भाषांतरकार म्हणून नाव छापलं होतं थॉमस मॅथ्यू, आणि ते टोपणनाव होतं.