डॉ. सलीम अली व पडलेली चिमणी

आपल्या प्रभूनें शिष्यांस चिंतेविषयीं शिकवितांना मोठ्या ग्रंथांचे दाखले दिले नाहींत. रानांतील फुलें व आकाशांतील पांखरें दाखविलीं. बाजारांत कवडीमोलानें विकली जाणारी चिमणी पडली तरी तें स्वर्गीय पित्यास ठाऊक असतें, हेंहि त्यानेंच शिकविलें. हे शास्त्रपाठ आपण मंडळींत अनेक वेळां ऐकतों. परंतु पांखरांकडे खरोखर पाहणारे आपल्यांत किती आहेत? ज्यांनीं आपलें सारें आयुष्य ह्या एका पाहण्यांत घालविलें, व ज्यांच्या आयुष्यास वळणहि एका पडलेल्या चिमणीनेंच लाविलें, अशा एका पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवितों. ते ख्रिस्ती नव्हते. मुसलमान घराण्यांत जन्मले होते. तथापि त्यांच्यापासून आपणांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

सलीम अली ह्यांचा जन्म मुंबईस १२ नोव्हेंबर १८९६ रोजीं झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असतां पिता व तीन वर्षांचे असतां माता निवर्तली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम ह्यांस मूलबाळ नव्हतें. त्यांनीं ह्या पोरक्या भाचरांचा खेतवाडींतील आपल्या घरीं प्रेमानें सांभाळ केला. सलीम ह्यांचें पहिलें शिक्षण गिरगांवांतील एका बायबल मिशनच्या मुलींच्या शाळेंत आपल्या दोघी बहिणींबरोबर झालें, हें आमच्या वाचकांस विशेष वाटेल.

मामांनीं त्यांस छऱ्यांची बंदूक दिली होती, व चिमण्या मारणें हा त्यांचा आवडता खेळ झाला होता. ते दहा-बारा वर्षांचे असतां एके दिवशीं मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांस पिवळा ठिपका दिसला. नेहमींच्या चिमणीस असा ठिपका नसतो. मग ही कोण? मुसलमानानें ती खावी किंवा न खावी? अशी शंका येऊन मुलगा ती चिमणी मामांकडे घेऊन गेला. मामांसहि तिची ओळख पटेना. त्यांनीं एक चिठ्ठी लिहून मुलास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्डसाहेब ह्यांच्याकडे पाठविलें. पोर भीत भीतच गेलें. परंतु साहेबांनीं त्यास हिडीसफिडीस केलें नाहीं. ही पिवळ्या कंठाची रानचिमणी आहे, असें समजावून सांगितलें. पेंढा भरून ठेविलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले, व वाचावयास पुस्तकेंहि दिलीं. त्या दिवशीं मुलाचे डोळे उघडले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी. लेकराच्या प्रश्नास मायेनें दिलेलें एक उत्तर किती दूरवर जाऊं शकतें, हें कोणास सांगतां येईल?

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. डोकेदुखीच्या विकारानें शिक्षणांत खंड पडला. १९१३ सालीं ते कसेबसे मॅट्रिक झाले. घरच्या धंद्यासाठीं ब्रह्मदेशांतील तव्हाय येथें गेले, पण धंद्यापेक्षां तेथील अरण्यांतच त्यांचें मन रमलें. १९१७ सालीं ते परत आले. १९१८ सालीं तहमिना बेगम ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९२६ सालीं मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत प्रेक्षकांस माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. ती करीत असतां रजा घेऊन ते बर्लिन येथें जाऊन पक्षिशास्त्र शिकले. १९३० सालीं परत येऊन पाहतात तों पैशाच्या अभावीं ती जागाच मोडलेली! हातीं विद्यापीठाची पदवी नाहीं, नोकरी नाहीं, पदरीं संसार. अशा वेळीं मनुष्य खचून जातो.

तीं पतिपत्नी अलिबागेजवळील किहीम गांवीं जाऊन राहिलीं. तेथें घराजवळ सुगरणींचीं घरटीं लोंबत होतीं. आपल्या वऱ्हाडांतहि विहिरीवर वांकलेल्या बाभळीस तीं लोंबतांना आपण लहानपणापासून पाहतों. सलीम अली आडोसा करून दिवसेंदिवस त्यांच्याकडे पाहत बसले, व आजवर कोणीं न सांगितलेली गोष्ट त्यांनीं शोधून काढिली. घरटें विणतो तो नर. तें अर्धें झालें म्हणजे माद्या येऊन आंत शिरून तपासतात. एखादीच्या मनास आलें तर ती तेथें राहते, व नर तें पुरें करितो. न आलें तर बिचाऱ्याचे श्रम फुकट जातात. एक घरटें मादीच्या स्वाधीन झालें कीं तो दुसरें विणूं लागतो, व तेथें दुसरी मादी येते. हे शोध १९३१ सालीं छापून प्रसिद्ध झाले व विद्वानांत त्यांचें नांव झालें. ज्या दिवसांत त्यांस भाकरीची भ्रांत होती, त्याच दिवसांत घराच्या दारीं त्यांस आपलें खरें काम सांपडलें.

पुढें त्यांनीं संस्थानिकांस कळविलें कीं, केवळ प्रवासाचा व तंबूंचा खर्च मिळाल्यास आपण वेतन न घेतां त्यांच्या मुलुखांतील पक्ष्यांची पाहणी करूं. प्रथम निजामाच्या राज्यांत हें काम झालें. तें राज्य आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण शिवेस लागूनच होतें. रानांतल्या ह्या मुक्कामांत तहमिनाबाई नेहमीं बरोबर असत. १९३९ सालीं एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या, व पतीस फार मोठा धक्का बसला. तरी त्यांनीं काम टाकिलें नाहीं. १९४१ सालीं सामान्य माणसास पक्षी ओळखतां यावेत असें त्यांचें सचित्र पुस्तक निघालें. १९४५ सालीं ते कैलास-मानससरोवरापर्यंत जाऊन आले. १९५० सालीं स्वीडन देशांतील पक्षिशास्त्रज्ञांच्या सभेस ते युरोपांतून चक्क मोटारसायकलीवर गेले. त्यांच्या सोसायटीनें भरतपूर येथें पक्ष्यांच्या पायांत कडीं घातलीं, त्यांपैकीं कांहीं पक्षी सैबेरियांत सांपडले. तेव्हां हे हिवाळी पाहुणे कोठून येतात तें कळलें.

येथें एक गोष्ट लपवीत नाहीं. अभ्यासासाठीं नमुने हवेत म्हणून त्यांनीं पुष्कळ पक्षी मारले, व बंदूक अखेरपर्यंत वर्ज्य मानिली नाहीं. परंतु पुढें पांखरांचीं रानें व पाणवठे राखण्यासाठींहि त्यांनींच सरकारदरबारीं झटून खटपट केली. १९७६ सालीं पद्मविभूषण मिळाले, व मोठें जागतिक बक्षीसहि मिळालें. तो पैसा त्यांनीं निसर्गरक्षणाकडे लाविला. १९८५ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रास त्यांनीं त्या पडलेल्या चिमणीचेंच नांव दिलें. २० जून १९८७ रोजीं मुंबईस नव्वदाव्या वर्षीं ते वारले.

बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्यास देवानें काय कमी दिलें आहे? लोणारच्या सरोवराची २०२० सालीं जगांतील मोठ्या पाणथळ जागांच्या यादींत गणना झाली. ज्ञानगंगेचें अभयारण्य बुलढाणें व खामगांव ह्यांच्या मध्यें आहे. तरीहि आपलीं मुलें गलोल घेऊन हिंडतात, आणि आपण पाहून न पाहिल्यासारखें करितों. पांखरें ज्वारीचीं कणसें खातात, हें खरें. पिकाची राखण करावी, गोफण फिरवून तीं उडवावीं. पण हींच चिमणी व सुगरण आपल्या पिलांस किडे व अळ्या भरवितात, तेव्हां आपलेंच पीक राखितात. पांखरांस विष घालणें किंवा उगीच दगड मारणें ह्यांत राखण नाहीं. १९७२ सालच्या कायद्यानेंहि रानपांखरांच्या शिकारीस बंदी आहे.

उपदेशक बंधु एका गांवाहून दुसऱ्या गांवीं पायीं जातात. त्यांनीं वाटेंत थांबून पाहावें, व मुलांसहि दाखवावें. एका मुलानें चिमणी पाडिली व ती कोण म्हणून विचारिलें. आपल्या मुलांनीं पाडण्याच्या आधींच विचारावें, एवढेंच मागणें आहे. ज्या पित्याचें लक्ष पडणाऱ्या चिमणीकडे असतें, त्याच्या लेकरांस हें जड वाटूं नये.