र. धों. कर्वे : पाळण्यापलीकडचा प्रश्न

रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, १८९१ मध्ये, त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. वडील धोंडो केशव कर्वे पुढे महर्षी म्हणून ओळखले गेले. मुलाने मात्र असा विषय हाती घेतला, की चारचौघांत त्याचे नाव काढायचीही चोरी.

लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी संततिनियमन केंद्र उघडले ते १९२१ मध्ये. त्याच वर्षी रघुनाथरावांनी मुंबईत आपले केंद्र सुरू केले. या मतांपायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. पत्नी मालतीबाईंची साथ होती. मूल होऊ न देण्याचा निर्णय दोघांनी स्वतःपुरताही पाळला.

गर्भनिरोधनाचा पुरस्कार करणारे इतरही होते. पण बहुतेकांचा भर आईच्या प्रकृतीवर किंवा वाढत्या लोकसंख्येवर. गांधीजी तर ब्रह्मचर्याचाच मार्ग सांगत. रघुनाथराव आणखी पुढे गेले: कामसुख पुरुषाइतकेच स्त्रीचेही आहे आणि दिवस जाण्याच्या धास्तीत ते मिळणे अशक्य, असे ते उघड लिहीत. साधनाची निवड येथेच महत्त्वाची ठरते. ऐनवेळी पुरुषाने बाजूला होण्याच्या पद्धतीत सारा भरवसा त्याच्यावर. स्त्रीचे लक्ष सुखाऐवजी काळजीकडे. गर्भाशयाच्या मुखावर आधीच बसवायची रबरी टोपी मात्र तिच्या हातातली.

जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून ते हेच मांडत राहिले. वाचक लैंगिक शंका विचारत, ते सरळ उत्तरे देत. ती उत्तरे अश्लील ठरवून १९३४ मध्ये खटला झाला. बचावाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. मासिक तोट्यात चालले, पण बंद पडले नाही.

सरकारने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आखला, तोही लोकसंख्येच्या हिशेबाने. रघुनाथराव १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत मान्य झाली ती १९६० मध्ये. तिने धास्ती घालवली. पण काही स्त्रियांची कामेच्छा त्यानंतर कमी होते, काहींची वाढते, पुष्कळ जणींना फरक जाणवत नाही. गोळी लिहून देताना याविषयी विचारणारे डॉक्टर आजही थोडेच.