डार्विनची अभ्यासिका

इंग्लंडमध्ये डाऊन नावाचे एक लहानसे खेडे आहे. त्या काळी ते केंट परगण्यात होते. १८४२ साली लंडनचा गजबजाट सोडून चार्ल्स डार्विन हा निसर्गशास्त्रज्ञ पत्नी व मुलांसह तेथे राहावयास आला. त्याचे वय त्या वेळी तेहेतीस वर्षांचे होते. ‘बीगल’ नावाच्या गलबतातून जवळजवळ पाच वर्षे त्याने पृथ्वीपर्यटन केले होते. परंतु आता त्याची प्रकृती ढासळली होती. थोडे श्रम झाले, की त्याला मळमळू लागे आणि अंथरुणाचा आश्रय घ्यावा लागे. या व्याधीचे निश्चित निदान कोणाही डॉक्टरला करता आले नाही. सजीवांच्या निरनिराळ्या जाती कशा निर्माण झाल्या, या गहन प्रश्नाने तर त्याच्या मनात घर केले होते. एवढे प्रचंड कार्य दुबळ्या शरीराने कसे पार पाडावयाचे?

डार्विनने घरातच, आपल्या प्रकृतीला मानवेल अशी अभ्यासिका सिद्ध केली. एका उंच, हातांच्या खुर्चीला त्याने चाके बसवून घेतली. त्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर कापड लावलेली फळी आडवी ठेवून तो लिहीत असे. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक यंत्र होते. एका कोपऱ्यात आडोसा करून पाण्याचे भांडे ठेवले होते. कारण उलटी केव्हा होईल, याचा नेम नसे.

खोलीतील खरे धन मात्र फळ्यांवर होते. तेथे तीस-चाळीस मोठी बाडे नीट लावलेली असत. प्रत्येक बाड एका विषयाचे. वाचताना वा निरीक्षण करताना जे आढळे, ते टिपून तो कागद त्या त्या बाडात जाई. वाचलेल्या पुस्तकाच्या शेवटी तो उपयुक्त पृष्ठांचे आकडे लिहून ठेवी. जाड पुस्तक हाती धरणे जड जाऊ लागले, तर तो त्याचे सरळ दोन भाग करी! कच्चा मजकूर लिहिण्यासाठी जुन्या कागदांची कोरी बाजूही त्याला चाले.

सकाळी आठ ते साडेनऊ हा त्याचा कामाचा सर्वांत उत्तम काळ. नंतर पत्रे ऐकावयाची, पुन्हा बारापर्यंत काम करावयाचे आणि मग बागेपलीकडील वाळूच्या वाटेवर फेऱ्या घालावयाच्या, असा त्याचा क्रम असे. मुले दोरी किंवा कात्री मागण्यासाठी अभ्यासिकेत डोकावत. तो रागावत नसे. एकदा तर त्याच्या चार वर्षांच्या मुलाने, बाबांनी काम सोडून खेळावयास यावे म्हणून त्यांना सहा पेन्स देऊ केले होते!

अशी सोळा वर्षे लोटली. १८५८ च्या जून महिन्यात आल्फ्रेड वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाचा एक लेख दूरच्या मलाया द्वीपसमूहातून टपालाने आला. तो वाचून डार्विन चकित झाला. आपण वीस वर्षे जो विचार मनात जोपासला, तोच या माणसालाही स्वतंत्रपणे सुचला होता! त्याच महिन्यात डार्विनचे तान्हे मूल तापाने दगावले. १ जुलै रोजी लंडनमधील लिनियन सोसायटीत दोघांचेही लेख एकत्र वाचले गेले. पण पुत्रशोकात बुडालेला डार्विन सभेला गेला नाही.

आता विलंब करून चालणार नव्हते. तो लिहावयास बसला. पुरावे शोधीत फिरण्याची गरज नव्हती. वर्षानुवर्षे भरलेली बाडे हाताशी होती. आजारपण सोसत, सुमारे तेरा महिन्यांत त्याने ग्रंथ पुरा केला. सजीवांच्या जातींच्या उत्पत्तीविषयीचा हा ग्रंथ १८५९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला आणि त्याने विचारवंतांच्या जगात खळबळ उडवून दिली.

१८८२ साली डाऊनच्या त्याच घरी डार्विनचे निधन झाले. ते घर जतन करून ठेवले आहे. अभ्यासिकेत पाऊल टाकताच ती साधी खुर्ची दृष्टीस पडते. मोठ्या कार्याला विस्तीर्ण दालन लागत नाही. रोजचे थोडे काम आणि जेथल्या तेथे ठेवलेले कागद यांच्या बळावर एका आजारी माणसाने काय साधले, हे ती खुर्ची पाहून कळते.