मराठीचं पहिलं इंग्रजी व्याकरण लिहिणाऱ्या केरींच्या संसाराची कहाणी

मराठी व्याकरणाचं पहिलं इंग्रजी पुस्तक १८०५ मध्ये छापलं गेलं, तेही पुण्यात किंवा मुंबईत नाही, तर बंगालमधल्या श्रीरामपुरात. लिहिणारे होते विल्यम केरी. पाद्री, भाषापंडित, छापखानेवाले म्हणून त्यांचं नाव अनेकांना ठाऊक आहे. पण बायकामुलांना घेऊन परमुलखात आलेल्या या माणसाच्या घरात काय घडलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

केरींचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरचा. धंदा चपला-बूट शिवण्याचा. १७८१ मध्ये डोरोथीशी लग्न झालं. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. दोन मुली लहानपणीच गेल्या. केरींनी धर्मप्रचारासाठी हिंदुस्थानात जायचं ठरवलं, तेव्हा डोरोथीने साफ नकार दिला. ती गरोदर होती आणि गावाबाहेरचं जग तिने पाहिलं नव्हतं. जहाज लांबलं, दरम्यान बाळंतपण झालं, आणि बहीण सोबत येणार असेल तरच येते, या अटीवर ती तयार झाली. जून १७९३ मध्ये चार मुलगे घेऊन हे कुटुंब डॅनिश जहाजात बसलं. सर्वांत धाकटा जाबेझ तान्हाच होता. कंपनी सरकारचा परवाना नव्हताच.

पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात कलकत्ता आलं. हिशेब डॉक्टर थॉमस या सोबत्याकडे होता. त्यांनी पैसे भराभर संपवले. मग कधी बंडेल, कधी माणिकतल्ल्याला सावकाराने दिलेली जागा, कधी सुंदरबनातलं देभाटा, अशी फरफट सुरू झाली. डोरोथी आणि थोरला फेलिक्स हगवणीने अंथरुणाला खिळले. देभाट्यात आसरा देणाऱ्या गृहस्थाशीच पुढे मेहुणीचं लग्न झालं आणि डोरोथीचा एकमेव आधारही गेला.

१७९४ मध्ये मालदाजवळच्या मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी लागली. पगार महिना २०० रुपये. पोटापाण्याची सोय झाली, पण हवा दमट, ताप कायमचा. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. जातीबाहेर पडण्याच्या भीतीने शवपेटी करायला सुतार मिळेना, खड्डा खणायला माणूस मिळेना. शेवटी चार मुसलमान पुढे आले.

या धक्क्यातून डोरोथी सावरलीच नाही. १७९५ पासून तिचं मानसिक संतुलन ढळलं. नवऱ्यावर संशय, आरडाओरडा, शिव्याशाप. कधी तिला खोलीत बंद ठेवावं लागे. १७९६ मध्ये जोनाथन जन्मला, तोही अशाच घरात. त्या काळी या आजारावर उपचार नव्हतेच.

१८०० मध्ये केरी डॅनिश अमलाखालच्या श्रीरामपुरात आले. तिथे सगळे मिशनरी एकत्र राहत. केरी दिवसभर कामात, आई आजारी, म्हणून पोरं पार मोकाट सुटली होती. त्यांना वळण लावलं ते हॅना मार्शमन या सहकाऱ्याच्या पत्नीने. फेलिक्स वॉर्ड यांच्या हाताखाली छपाई शिकला. १८०१ मध्ये केरींना फोर्ट विल्यम कॉलेजात ५०० रुपयांची नोकरी मिळाली. आधी बंगाली आणि संस्कृत, पुढे मराठी शिकवू लागले. पगार मात्र मिशनच्या सामाईक तिजोरीत जाई.

नागपूरचे पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीचं काम उभं राहिलं. व्याकरणानंतर १८१० मध्ये मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश आला. व्याकरणाची पानं तयार होत होती, तेव्हा शेजारच्या खोलीत डोरोथीचं दुखणं चालूच होतं. १८०७ च्या डिसेंबरात ती श्रीरामपुरातच गेली. पुढच्याच वर्षी केरींनी शार्लट रूमोर यांच्याशी लग्न केलं.

मुलं याच भागात पांगली. विल्यम कटव्याला, जाबेझ अंबोयना बेटावर, जोनाथन कलकत्त्यात वकिलीत. फेलिक्स ब्रह्मदेशात गेला. १८१४ मध्ये छापखाना घेऊन जाताना इरावतीत होडी बुडाली आणि त्याची बायको-मुलं वाहून गेली. १८२२ मध्ये तो वडिलांच्या आधी वारला. केरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरात गेले. चाळीस वर्षांत एकदाही ते इंग्लंडला परतले नाहीत.

मराठीच्या छपाईचा इतिहास सांगताना केरींचं नाव येतंच. त्यासाठी डोरोथीने काय मोजलं, तेही त्याच इतिहासात लिहायला हवं. इथे यायचा निर्णय तिचा नव्हता.