हिंगण्याच्या पार्वतीबाई

कोकणातून घाट चढून पुण्यास विद्येसाठी जाणे ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. महाड-पोलादपूरच्या खोऱ्यातील कितीतरी मुलांनी डोक्यावर वळकटी आणि काखोटीला फराळाचे गाठोडे घेऊन वरंध घाटाची वाट तुडविली आहे. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी या वाटांवर विद्येसाठी निघालेली मुलगी क्वचितच दिसे. आणि केशवपन केलेली, पदरी लहान मूल असलेली विधवा शिकण्यासाठी निघाली आहे, असे कोणी सांगितले असते तर ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवले असते. अशी एक स्त्री कोकणातून पुण्यास गेली. त्या पार्वतीबाई आठवले.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे झाला. माहेरचे आडनाव जोशी, नाव कृष्णा. घर साधे, धर्मनिष्ठ आणि कष्टाळू होते. मुलींनी शाळेत जावे ही कल्पनाच तेव्हा खेड्यापाड्यांत रुजलेली नव्हती. त्यामुळे सडासारवण, दळणकांडण आणि सणवार हेच कृष्णेचे शिक्षण ठरले. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती महादेव नारायण आठवले यांची पत्नी पार्वती म्हणून सासरी गेली. पतीची नोकरी गोव्यात होती. संसार जेमतेम मिळकतीचा होता; पण पार्वतीबाईंना काटकसरीचे वावडे नव्हते. मात्र तो संसारही फार दिवस टिकला नाही. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले आणि लहान मुलाला घेऊन त्या देवरुखास वडिलांच्या घरी परतल्या.

त्या काळी उच्चवर्णीय घरांतील विधवेचे जिणे कसे असे, हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटणार नाही. डोक्यावरचे केस काढीत. अंगावर लाल आलवण येई. मंगल प्रसंगी तिने समोर यावयाचे नाही, आणि घरातील कामाचा डोंगर मात्र मुकाट्याने उपसावयाचा, असा दंडक होता. घरची माणसे निर्दय असत असे नव्हे. वडील मायाळू असले तरी रूढीपुढे त्यांचेही काही चालत नसे. पार्वतीबाईंनी हे सारे धर्म म्हणून स्वीकारले होते.

याच घरात दुसरी एक घटना घडली होती. पार्वतीबाईंची थोरली बहीण गोदूबाई लहानपणीच विधवा झाली होती. पुढे ती मुंबईस आली आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदासदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली ती पहिली विधवा विद्यार्थिनी ठरली. १८९३ साली गोदूबाईंनी प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. लोकांत मोठी खळबळ उडाली. अण्णासाहेब कर्व्यांवर त्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. गोदूबाई आता आनंदीबाई झाल्या होत्या. पुढे महाराष्ट्राने त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखले.

बहिणीचे हे धाडस पार्वतीबाई दुरून पाहत होत्या. पुनर्विवाहाचा मार्ग त्यांनी स्वतःसाठी स्वीकारला नाही. पण शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, मुलाला वाढवावे, ही इच्छा मनात बळावत गेली. पंचविशी उलटल्यावर त्या पुण्यास बहिणीच्या घरी आल्या. गावाने ज्या घराला वाळीत टाकले होते, त्याच घरी एका सोवळ्या विधवेने जाऊन राहावे, ही गोष्ट सोपी नव्हती. हा निर्णय मला त्यांच्या पुढील सर्व पराक्रमांहून मोठा वाटतो. कारण तेव्हा त्यांच्या पाठीशी ना कीर्ती होती, ना संस्था, ना अनुभव.

शिक्षणाचा आरंभ अगदी मुळापासून झाला. ज्या वयात इतर स्त्रिया मुलांचे अभ्यास घेतात, त्या वयात पार्वतीबाई स्वतः पाटीवर अक्षरे घोटू लागल्या. शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला ठाऊक असते की, मोठ्या वयात शिकताना बुद्धीपेक्षा लाज आडवी येते. चुकीचे उत्तर दिले तर बालके हसतील, ही भीती प्रौढ माणसाला फळ्यापासून दूर ठेवते. पार्वतीबाईंनी ती लाज बाजूला सारली.

अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम ही संस्था स्थापन केली. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. तेव्हा १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे हलविण्यात आला. गोखले नावाच्या एका सद्गृहस्थाने दिलेल्या माळजमिनीवर एक झोपडी उभी राहिली आणि तीत विधवा मुली राहू लागल्या. आसपास वस्ती नव्हती; रात्री मिट्ट काळोख असे. कॉलेजचे काम आटोपून अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर चिखल होई. तरीही त्यांची खेप चुकत नसे.

परंतु आश्रम म्हणजे केवळ झोपडी आणि तिचा संस्थापक नव्हे. घराघरांतून दुखावून आलेल्या, कोणी रडणाऱ्या, कोणी अबोल झालेल्या मुलींना एकत्र नांदविणे हे खरे काम होते. ते काम स्त्रियांनीच केले. पार्वतीबाई, वेणूबाई नामजोशी, काशीबाई देवधर या आश्रमाच्या आधारस्तंभ होत्या. स्वयंपाकघरापासून आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत त्यांची नजर फिरे. या स्त्रियांपैकी कोणी पदवीधर म्हणून तेथे आली नव्हती; बहुतेकींनी जे दुःख भोगले होते तेच समोरच्या मुलीच्या डोळ्यांत त्यांना दिसत होते. त्यामुळे नव्याने आलेल्या मुलीला समजूत घालावी लागत नसे. शेजारी बसविले, वेणी घातली, कामाला हाताशी घेतले की ती हळूहळू बोलू लागे.

आश्रम चालवावयाचा तर पैसा हवा. ही जबाबदारी पार्वतीबाईंनी अंगावर घेतली आणि त्या गावोगाव हिंडू लागल्या. आरंभी चारचौघांत उभे राहून बोलण्याची त्यांना सवय नव्हती. सभा भरे ती पुरुषांची. त्यात व्यासपीठावर एक केशवपन केलेली बाई उभी! पण त्यांचे बोलणे घरगुती होते. शब्दांचा फुलोरा नव्हता. जे सोसले, जे पाहिले तेच त्या सांगत. सभा संपली की त्या घरांत शिरत आणि माजघरात बायकांपाशी बसत. अंगावरील आलवणामुळे सनातनी घरांचीही दारे त्यांना उघडी असत, यात नवल नाही. कोणी रुपया देई, कोणी चार आणे देई, कोणी नुसतेच दार लावून घेई. मिळालेल्या पैन् पैचा हिशेब त्या चोख ठेवीत. निधीबरोबरच त्या आणखी एक गोष्ट गोळा करीत: कोणत्या घरात कोणती मुलगी कोपऱ्यात बसून आहे, याची माहिती. पैसे न देणाऱ्या घरातूनही पुढे एखादी मुलगी हिंगण्यास येई.

या भ्रमंतीत त्यांच्या मनात एक विचार घर करू लागला. विधवांनी केशवपन करू नये असे आपण म्हणतो. मग आपल्या स्वतःच्या डोक्याचे काय? ज्या वेषामुळे कार्याला मदत होते तो टाकला तर देणग्या थांबतील, ही भीती खोटी नव्हती. शिवाय वर्षानुवर्षांचा संस्कारही होताच. अखेर १९१२ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन सोडून दिले. काल नमस्कार करणारे काही लोक आज पाठ फिरवू लागले. निंदा झाली, कुचेष्टा झाली. पार्वतीबाईंनी वाद घातला नाही. झोळी उचलून त्या पुन्हा दाराशी उभ्या राहिल्या.

हिंगण्याचे रोपटे वाढत होते. १९०७ साली महिला विद्यालय सुरू झाले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती वाचून अण्णासाहेबांच्या मनात तशाच विद्यापीठाची कल्पना उभी राहिली आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ जन्मास आले. त्याचे पहिले कॉलेज, महिला पाठशाळा, हिंगण्याच्याच माळावर भरले. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तेथे शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा होता.

या इंग्रजीने पार्वतीबाईंना बेचैन केले. महाराष्ट्राबाहेर निधीसाठी जावे तर मराठी पुरी पडत नसे. आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून सांगावे लागते, याची त्यांना खंत वाटे. मग या बाईंनी असा बेत केला की ऐकणारे थक्क झाले. १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयात, इंग्रजी शिकण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या! महायुद्ध अद्याप संपले नव्हते. पदरी पैसा नव्हता आणि भाषा तर येतच नव्हती.

अमेरिकेत त्यांनी लोकांच्या घरी कामे केली. भांडी घासणे, घर झाडणे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कामाच्या निमित्ताने दिवसभर इंग्रजी कानांवर पडते, हाच मोठा लाभ होता. अंगावर लुगडे आणि आहार शाकाहारी, हा नेम त्यांनी मोडला नाही. आजारपण आले, एकटेपणाही आला. धर्म बदलण्याविषयी सुचविणारी माणसे भेटली, तशीच निरपेक्ष माया करणारीही भेटली. देवरुखच्या माजघरात जिला कोणी समोर येऊ देत नव्हते, ती आता परक्या देशात आपल्या देशातील स्त्रियांची हकीकत लोकांना सांगत होती. १९२० साली त्या परतल्या. त्याच वर्षी सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास मिळाले. पंधरा लक्ष म्हणजे केवढी रक्कम! पण तिच्याआधी वीस वर्षे आश्रम जगला तो चार-चार आण्यांवर, हेही विसरून चालणार नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिंगण्याच्या आश्रमात आरंभीच्या काळात प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. समाजातील इतर असंख्य स्त्रियांपर्यंत ते दार तेव्हा पोहोचले नव्हते. १९२७ च्या डिसेंबरात आपल्या महाड येथे सत्याग्रहासाठी लोक जमले, तेव्हा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे आलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. स्वच्छ राहा, वेष बदला, मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, असे त्यांना कळकळीने सांगितले. त्या श्रोत्या स्त्रियांना अनाथ बालिकाश्रमाचे नावही ठाऊक नसेल. एकाच दशकात, एकाच मराठी मुलखात, दोन वेगळ्या वाटांनी स्त्रिया शाळेकडे निघाल्या होत्या, आणि त्या वाटा एकमेकींपासून फार दूर होत्या.

पुढल्याच वर्षी, १९२८ साली, पार्वतीबाईंचे आत्मचरित्र 'माझी कहाणी' या नावाने प्रसिद्ध झाले. पुस्तक त्यांच्या भाषणांसारखेच सरळ आहे. स्वतःच्या चुका आणि भीती त्यांनी लपविल्या नाहीत. मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक जस्टिन ॲबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १९३० साली न्यूयॉर्क येथे छापले गेले. मोडके इंग्रजी बोलत ज्या देशात भांडी घासली, तेथील वाचकांच्या हाती पार्वतीबाईंची कहाणी बारा वर्षांनी अशी पोहोचली.

उतारवयात त्यांनी संस्थेचा मोठा विस्तार पाहिला. बाया कर्वे १९५० साली गेल्या. १९५५ साली पार्वतीबाईंनी देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय पंचाऐंशी होते. ज्यांच्या घरी त्या पाटी घेऊन बसल्या होत्या, ते अण्णासाहेब त्या वेळी सत्त्याण्णव वर्षांचे होते, आणि ज्या माळावर रात्री दिवा दिसत नसे तेथे मुलींची वसतिगृहे उभी राहिली होती.